धुरंधरांच्या रेषेची शाळा

एकोणिसाव्या शतकात अँटवर्पच्या कलाअकादमीत दाखल होणाऱ्या बेल्जियन विद्यार्थ्याला ठरलेल्या क्रमाने शिकावे लागे. आधी छापील चित्रांच्या नकला, मग प्राचीन ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन आणि त्यात हात बसल्यावर समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसावरून अभ्यास, असा तो क्रम होता. सन 1663 मध्ये स्थापन झालेल्या त्या अकादमीची ही रीत युरोपभर मान्य होती आणि इंग्लंडमार्गे, बऱ्याच बदललेल्या रूपात, ती मुंबईतही पोहोचली. तिच्यात घडलेल्या मराठी चित्रकारांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. चित्रकला शिकण्यासाठी कोल्हापूरच्या मुलाने मुंबई गाठणे त्या काळी अगदी अपूर्व राहिले नव्हते, कारण त्याच शहरातले आबालाल रहिमान 1880 च्या दशकात सर ज. जी. कलाशाळेत शिकून नावारूपाला आले होते. धुरंधर त्या शाळेत आले 8 जानेवारी 1890 रोजी. ही तारीख त्यांच्या 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या आत्मकथनाच्या आरंभीच येते, कारण 1931 च्या जानेवारीत निवृत्त होईपर्यंतचा त्यांचा सारा काळ, आधी विद्यार्थी आणि पुढे शिक्षक म्हणून, त्याच शाळेत गेला.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हताच. मातीकाम, धातुकाम, सजावट अशा कारागिरीला आधुनिक वळण देणारे हात तयार व्हावेत, अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची अपेक्षा होती आणि म्हणून रेखाटनाकडेही ते उद्योगाचा पाया म्हणूनच पाहत. मात्र 1865 मध्ये सजावटी चित्रकलेचे शिक्षक म्हणून आलेले आणि पुढे प्राचार्य झालेले जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार त्या कामात तयार झाले. साचेबंद अभ्यासक्रमापेक्षा या एका उपक्रमाने शाळेला अधिक मोठे केले, असे म्हणायला हरकत नाही. धुरंधर शाळेत आले तेव्हा प्राचार्यपदी हेच ग्रिफिथ्स होते.

येथील शिक्षणात यथार्थदर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान व जवळची मोठी दाखवून सपाट कागदावर खोलीचा आभास निर्माण करण्याचे शास्त्र, आणि छायाप्रकाश, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांनी वस्तूला घनता देणे, यांवर भर असे. युरोपीय क्रमाची शेवटची पायरी मात्र येथे अपुरी राहिली होती, कारण नग्न मानवाकृतीवरून अभ्यासाचा नियमित वर्ग पुढच्या काळातील प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919 च्या सुमारास, म्हणजे धुरंधर शाळेत दाखल झाल्यावर जवळजवळ तीन दशकांनी सुरू केला. त्यामुळे त्यांच्या पिढीला माणसाचे शरीर ओळखावे लागले ते बहुतेक वस्त्रांच्या आडून. धुरंधरांच्या स्त्रीचित्रांत लुगड्याच्या निऱ्या, पदराचा झोल आणि त्याखालची शरीराची ठेवण इतक्या सहजतेने का उतरते, याचे एक कारण या उणिवेतही शोधता येईल.

सन 1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक 1895 मध्ये त्यांना मिळाले आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय चित्रकार ठरले. पुढच्याच वर्षी ते कलाशाळेत शिक्षक झाले. विद्यार्थिदशा इतक्या लवकर संपली, तरी नेमके निरीक्षण आणि झरझर रेखाटन हा त्या वर्षांचा ठेवा त्यांना जन्मभर पुरला. पुस्तकांची चित्रे, पोस्टकार्डे, मोठी ऐतिहासिक दृश्ये अशा अफाट कामात तो दिसतो.

त्या शिक्षणाची रीत कलाशाळेपुरती राहिली नाही; ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावातील शाळकरी मुले आजही शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसू शकतात. या परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमिती हे विषय त्याच कलाशिक्षणाच्या परंपरेतून आलेले आहेत, मग समोर ठेवलेली वस्तू प्लास्टरची मूर्ती नसून तांब्या किंवा सुरई का असेना.