तीन रुंद्या सारख्या आल्या, तरी खिडकी बसेना

मागच्या भागात आपण ॲल्युमिनियमचं सेक्शन, पावडर कोटिंग आणि काचेची जाडी यांबद्दल बोललो. आज त्याच्याही आधीची पायरी घेऊ. जुनी खिडकी काढून तिथे नवी बसवायची, तर माप कसं घ्यायचं? व्हिडिओत मी टेप हातात धरून दाखवलं होतं. पुस्तकात ते शब्दांत सांगावं लागतंय, तेव्हा शेजारी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा.

मी चंडीगडला सेक्टर 43 मध्ये राहतो. हिमाचल, पंजाबच्या बसगाड्या सुटतात तो मोठा बस अड्डा आणि जिल्हा न्यायालय ज्या सेक्टरात आहे, तोच हा. आमचा फ्लॅट जुना. खिडक्यांना लाकडी चौकटी होत्या, खालच्या आडव्या लाकडाला वाळवी लागली होती आणि फटीतून जूनमध्ये धूळ, जानेवारीत गार वारा आत यायचा. साताऱ्याहून आई कायमची राहायला येणार होती. वय 78, दम्याचा त्रास. तिच्या खोलीची खिडकी थंडीच्या आत बदलायची असं ठरवलं, पण आपल्या सगळ्यांचं होतं तेच झालं. दिवाळी गेली, डिसेंबर गेला आणि काम जानेवारीत निघालं.

माप मीच घेतलं. इतकी वर्षं साइटवर काढलेला माणूस, खिडकीच्या मापाला दुसऱ्याला कशाला बोलवायचं! जुनी चौकट काढून घेतली, भोक साफ केलं आणि पुस्तकात सांगतात तसं केलं. रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: वर, मध्ये, खाली. तिन्ही 1198 मि.मी. आल्या. उंचीही तीन ठिकाणी, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही 1346. मला इतका आनंद झाला की काय सांगू. जुन्या भिंतीत असं माप सहसा मिळत नाही. दोन्ही बाजूंना 5-5 मि.मी. फट सोडून 1188 रुंदीची फ्रेम सांगितली. त्याच मापाने पल्ले झाले, टफन्ड काच कापून, भाजून आली.

फ्रेम भोकात सरकवली तर वरचा एक कोपरा आणि त्याच्या समोरचा खालचा कोपरा भिंतीला टेकून अडकले. उरलेल्या दोन कोपऱ्यांशी मात्र बोट जाईल एवढी फट. मिस्त्रीने फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "भाईसाहब, गुनिया लगाया था?"

आपल्याकडचा गुण्या, तो तिकडचा गुनिया. शब्द ओळखीचा होता, उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

झालं काय होतं ते कागदावर काढून बघा. एक आयत काढा. आता त्याची वरची बाजू थोडी उजवीकडे सरकवा, पतंगासारखं तिरकं करा. त्याची रुंदी वर मोजा, मध्ये मोजा, खाली मोजा. सगळीकडे तेवढीच येणार, कारण दोन्ही बाजू एकाच दिशेला सारख्या कलल्यात. एकच बाजू कलली असती तर वर आणि खाली वेगळे आकडे आले असते आणि मी सावध झालो असतो. बाजूला मधेच पोट आलं असतं तर मधल्या मापाने पकडलं असतं. दोन्ही बाजू मिळून कलल्या की तीन मापं काय आणि तीस मापं काय, टेप काहीच बोलत नाही.

तो कल सांगतात कर्ण. आमच्या भोकाचे कर्ण नंतर मोजले तर एक 1810 आणि दुसरा 1794 निघाला. सोळा मिलिमीटरचा फरक. याचा अर्थ 1346 उंचीत बाजू 12 मि.मी. कलली होती, म्हणजे जवळजवळ चार सूत. हा हिशोब नको असेल तर ओळंबा लावा. वरच्या कोपऱ्याजवळ भिंतीपासून 20 मि.मी. अंतरावर दोरी धरा आणि खाली तेच अंतर मोजा. आमच्याकडे ते एका बाजूला 32 आणि दुसऱ्या बाजूला 8 आलं. फरक सरळ 12.

काटकोनी फ्रेमला अशा भोकात मिळणारी खरी रुंदी म्हणजे सगळ्यांत लहान रुंदी वजा कल. 1198 मधून 12 गेले, उरले 1186. त्यातून दोन्हीकडच्या फटी वजा केल्या की 1176. मी सांगितली होती 1188. उंचीचंही हेच. खालचा कट्टा आणि वरचा लिंटेल दोन्ही एकाच बाजूला उतरते असतील, तर उंच्या सारख्या येतील आणि तरीही तेवढा उतार वजा करावा लागेल. तो बघायला स्पिरिट लेव्हल पुरते. लांब खिडकीला पाण्याची नळी जास्त भरवशाची.

फ्रेम जागेवर कापून पुन्हा जोडता आली. काचेला मात्र काही इलाज नव्हता. टफन्ड काच आधी मापाला कापतात, कडा घासतात, मग भट्टीत तापवून वाऱ्याने झटकन थंड करतात. त्यानंतर तिला कापायला गेलात तर अख्ख्या पल्ल्याचा चुरा होतो. दोन्ही काचा वाया गेल्या. नव्या यायला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस त्या भोकावर दुहेरी प्लास्टिक ताणून बसवलं होतं. बाहेर धुकं, दुपारीही सूर्य नाही. पहिल्या दोन रात्री आईला त्याच खोलीत झोपवलं, कारण ती म्हणाली, "अरे, चालतंय मला." तिसऱ्या रात्री तिचा खोकला ऐकून मी तिला आमच्या खोलीत हलवलं आणि स्वतः हॉलमध्ये झोपलो. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे हे शहर मापावर बांधलेलं. ल कार्बुझिएने माणसाच्या देहावरून मापांची एक पट्टीच बनवली होती, मोड्युलर नावाची. 183 सें.मी. उंचीचा माणूस, त्याने हात वर केला की 226. चंडीगडच्या अनेक भागांत घरांच्या दर्शनी बाजूवर फ्रेम कंट्रोल नावाचं नियंत्रण होतं. त्यात इमारतीची रेषा, उंची, साहित्य, इतकंच काय, दारं-खिडक्यांची मापंही ठरावीक होती. कागदावर एका रांगेतल्या खिडक्या जुळ्या बहिणी. प्रत्यक्षात विटा रचणारे हात वेगळे, गिलावा करणारे वेगळे. आमच्याच घरात "सारख्या" दोन खिडक्यांत 9 मि.मी.चा फरक निघाला. म्हणून शेजाऱ्याने बसवली त्याच मापाची द्या, असं कधीही सांगू नका. आणि भोकाचा बाहेरून दिसणारा आकारच बदलायचा असेल, तर फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी तुमच्या सोसायटीचे किंवा प्राधिकरणाचे नियम बघा.

आता माप कुठून कुठपर्यंत, ते सांगतो. जुनी चौकट तशीच ठेवून आत ॲल्युमिनियमची फ्रेम बसवणार, की चौकट काढणार, हे आधी ठरवा. ठेवणार असाल तर चौकटीच्या आतल्या कडांचं माप घ्या. काम स्वस्त आणि स्वच्छ होतं, पण उजेडाची जागा कमी होते आणि वाळवी आतच राहते. लाकूड कुजलेलं असेल तर मी तरी हा सल्ला देणार नाही. काढणार असाल तर लक्षात घ्या, चौकट दिसते त्याहून मोठी असते. तिच्या कडेवर गिलाव्याचा थर चढलेला असतो आणि लोखंडी पट्ट्यांनी ती भिंतीत अडकवलेली असते. एका कोपऱ्यात छिन्नीने गिलावा उकरून लाकडाची खरी कड बघा. तरीही मी म्हणेन, शेवटचं माप चौकट निघाल्यावर आणि कडांची दुरुस्ती सुकल्यावरच. आधी घेतलेलं माप फक्त दरपत्रकापुरतं.

टेपचंही थोडं. टोकाची पत्री जराशी हलते, ती सैल झालेली नसते. आतून टेकवताना आणि बाहेरून अडकवताना तिच्या जाडीएवढा फरक जुळावा म्हणून ती मुद्दाम तशी ठेवतात. तिला खिळा मारून घट्ट करणारे लोक मी पाहिलेत. आतलं माप घेताना कोपऱ्यात टेप वाकवून आकडा अंदाजाने वाचू नका. टेपच्या डबीवर तिची लांबी छापलेली असते. डबी कोपऱ्याला टेकवा, आकडा वाचा आणि ती लांबी मिळवा.

आणि सूत. मराठी सुतार, पंजाबी मिस्त्री, दोघांच्याही तोंडी हाच शब्द. एका इंचाचे आठ सूत, एक सूत म्हणजे 3 मि.मी.हून किंचित जास्त. घोळ होतो तो लिहिताना. मिस्त्री म्हणतो 47 इंच 5 सूत, ऐकणारा लिहितो 47.5. पण पाच सूत म्हणजे 0.625 इंच. एक सूत तिथेच हरवलं. मी सगळं मि.मी.मध्येच लिहितो, मिस्त्रीला सुतात सांगतो आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो.

फट 5 मि.मी.च का, शून्य का नाही, असं विचाराल. एक तर फ्रेम ओळंब्यात आणायला हलवावी लागते. दुसरं, ॲल्युमिनियम उन्हाने वाढतं. दर अंशाला, दर मीटरला साधारण 0.023 मि.मी. ऐकायला काहीच नाही. पण बाल्कनीची 2400 मि.मी.ची गडद रंगाची फ्रेम घ्या. जानेवारीच्या पहाटेपासून जूनच्या दुपारपर्यंत त्या धातूच्या तापमानात 60 अंशांचा फरक धरा. 3.3 मि.मी. होतात, एक सूत. फट सिमेंटने गच्च भरली तर त्या सुताला जायला जागा नाही. म्हणून आत फोम आणि बाहेरून सिलिकॉन. उलट फट 12-15 मि.मी. झाली तर सिलिकॉन नीट धरत नाही, तेव्हा जास्त सोडणं हाही शहाणपणा नव्हे.

खोलीचं, म्हणजे भिंतीच्या जाडीतलं माप लोक हमखास विसरतात. मच्छरजाळीचा पल्ला हवा असेल तर तीन ट्रॅकची फ्रेम लागते आणि ती दोन ट्रॅकवालीपेक्षा रुंद असते. बाहेरच्या ग्रीलपासून आतल्या गिलाव्याच्या कडेपर्यंत जागा किती, हँडल पडद्याच्या पाइपाला लागेल का, हे आत्ताच बघा. जुनी ग्रील चौकटीतच ठोकलेली असेल तर चौकटीबरोबर तीही जाणार. आईच्या खिडकीला तसंच होतं आणि रात्री उघड्या खिडकीला ग्रील नाही हे संध्याकाळी सहा वाजता लक्षात आलं. कट्ट्याचा उतार बाहेरच्या दिशेला हवा. आत असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी जायची कितीही भोकं असली, तरी पावसाचं पाणी घरात येणार.

दाराचं माप खिडकीसारखं घेऊ नका. जमीन सपाट आहे यावर विश्वास ठेवू नका. भिंतीवर दोन्ही बाजूंना पाण्याच्या नळीने एक मीटरवर खूण करा आणि वरची-खालची मापं त्या खुणेपासून घ्या. बिजागरीचं दार असेल तर फक्त उंबऱ्याजवळ मोजून भागत नाही. पल्ला ज्या जमिनीवरून फिरणार ती सगळी तपासा, मधे कुठे चढ असेल तर दार तिथे घासेल. फरशी बदलायची असेल तर आधी फरशी, मग माप. सरकत्या दाराचा खालचा ट्रॅक जमिनीच्या किती वर येतो तेही विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाच्या पायाला एक इंच पुष्कळ असतो. बाल्कनीच्या दाराला मी ट्रॅक फरशीत खाली बसवून घेतला, त्यासाठी पाण्याची वाट वेगळी काढावी लागली.

शेवटी मापाचा कागद. पहिला आकडा रुंदी, दुसरा उंची, हे शब्दात लिहा. चित्र आतून पाहिलेलं की बाहेरून, ते लिहा, नाहीतर बिजागरी उलट्या बाजूला येतात. भोकाचं माप आणि फ्रेमचं माप वेगवेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर फट एकदा तुम्ही वजा करता आणि एकदा फॅब्रिकेटर. दोन्ही कर्ण लिहा. आमच्या बाल्कनीच्या दाराच्या कागदावर कर्ण 3154 आणि 3151 असे आहेत. ते माप दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा टेपचं दुसरं टोक आईने धरलं होतं.