डेंड्रोबियम बार्बाटुलम : पश्चिम घाटातील एका आमरीचे संवर्धन

वृक्षांवर वाढणाऱ्या आमरींमध्ये, म्हणजेच ऑर्किडांमध्ये, डेंड्रोबियम बार्बाटुलम ही पश्चिम घाटातील लहानखुरी व प्रदेशनिष्ठ जाती होय. जॉन लिंडले यांनी १८३० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. फुलाच्या ओष्ठाच्या तळाशी बारीक लव असते. त्यावरून ‘लहानशी दाढी असलेली’ या अर्थाचे लॅटिन नाव तिला मिळाले. ती अपिवनस्पती आहे, बांडगूळ नव्हे. आधारवृक्षाकडून ती केवळ जागा घेते, अन्नरस नव्हे. हा भेद वर्गात वारंवार स्पष्ट करावा लागतो.

महाविद्यालयीन उद्यानांत ही आमरी लावली जाते, परंतु टिकत नाही. त्याचे कारण बहुधा दुर्लक्ष नसून अतिरिक्त काळजी हेच असते.

वार्षिक जीवनक्रम :

वळवाच्या सरींनंतर जुन्या खोडाच्या तळाशी नवा कोंब फुटतो व त्याच्या बुडापासून मुळे निघतात. पावसाळ्यात या कोंबाचे जाड, रसाळ खोड तयार होते. त्यास आभासी कंद म्हणतात. त्यात पाणी व अन्न साठविले जाते. पाऊस सरल्यावर पाने पिवळी पडून गळतात आणि उरतात त्या केवळ सुरकुतलेल्या, राखट काड्या. याच निष्पर्ण काड्यांवर हिवाळ्याच्या अखेरीस सुमारे २ ते ३ सेंमी. रुंदीच्या पांढऱ्या, क्वचित गुलाबी छटेच्या फुलांचे तुरे येतात. (डेंड्रोबियम ओव्हेटम ही जवळची जाती हिच्याशी घोटाळ्यात पडते, तिची फुले पिवळसर, ओष्ठ हिरवट आणि बहर अगोदरचा असतो.)

निष्पर्ण अवस्था म्हणजे मरण नव्हे, विश्रांती होय. माळी मात्र रोप वाळले असे समजून एक तर ते फेकून देतो, नाही तर पाणी वाढवितो. पाने नसल्याने बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबलेला असतो. अशा वेळी मुळांवरील व्हेलामेन हे स्पंजासारखे आवरण सतत ओले राहिल्यास मुळे कुजतात. विश्रांतिकालात पाणी व नत्र अधिक मिळाल्यास अनेक डेंड्रोबियममध्ये फुलांऐवजी पेरांवर पिल्ले फुटतात. पिल्ले मिळाल्याचा आनंद होतो, पण बहर जातो.

लागवड :

मातीत लावणे सर्वथा टाळावे. आंब्याच्या किंवा ऐनाच्या खडबडीत सालीच्या ओंडक्यावर रोप सुती दोऱ्याने घट्ट बांधावे. हलणाऱ्या रोपाची मुळे सालीला चिकटत नाहीत. बांधणीस योग्य वेळ म्हणजे नवी मुळे डोकावू लागतात तो मे-जूनचा काळ. सुमारे ५० टक्के सावलीचे जाळे व खेळती हवा पुरेशी आहे. पावसात ओंडका उघड्यावर राहू द्यावा. उघडीप पडल्यास रोज पाणी द्यावे व पंधरा दिवसांनी एकदा संतुलित विद्राव्य खत नेहमीच्या मात्रेच्या चतुर्थांशाने फवारावे. गोगलगायी कोवळी मुळाग्रे खातात, त्या रात्री वेचाव्यात. ऑक्टोबरपासून पाणी कमी करून खत बंद करावे. पाने गळाल्यावर कंद फारच आक्रसू लागले तरच सकाळी हलकासा फवारा द्यावा. क्षारयुक्त विंधन विहिरीच्या पाण्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी श्रेयस्कर.

रोपे कोठून आणावीत? वनसहलीत झाडावरून ओरबाडून तर नक्कीच नव्हे. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती आणणे गुन्हा आहे, आणि सर्व आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे. रोपवाटिकेत वाढविलेली रोपे घ्यावीत. महाविद्यालयात प्रयोगशाळा असल्यास आणखी एक मार्ग आहे. आमरीच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते सहजीवी कवकाच्या साहाय्याने रुजते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त आगर माध्यमावर कवकाविना बीज रुजवून दाखविले. उद्यानातील दोन भिन्न रोपांच्या फुलांचे हाताने परपरागण करून, फळ तडकण्यापूर्वी निर्जंतुक स्थितीत बीज पेरता येते. अशी रोपे फुलावयास काही वर्षे लागतात. त्यामुळे पेरणीची तारीख व मातृरोपाची नोंद बाटलीवरच नव्हे, वहीतही ठेवावी.