पिंपळावरचा मुंजा आणि नववीतली भाची

भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचणे हे शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे, अशी आपल्याकडे एक सभ्य समजूत आहे. ऐतिहासिक कादंबरी वाचणारा तो व्यासंगी, चरित्र वाचणारा तो गंभीर आणि नारायण धारप वाचणारा तो एसटीच्या प्रवासात वेळ काढणारा! आमच्या पिढीने धारप वाचले ते वाचनालयातल्या खाकी पुठ्ठ्याच्या आडून, आणि चारचौघांत आवडता लेखक विचारला की नाव मात्र भलतेच सांगितले. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर गेल्या वर्षभरात मी दहा-बारा भुतांच्या कादंबऱ्या वाचल्या, आणि त्याही 'किशोरवयीन मुलांसाठी' म्हणून छापलेल्या, हे सांगितले तर माझ्या मित्रमंडळींना माझ्या प्रकृतीची काळजी वाटेल.

कारण घरातच आहे. माझी भाची सोनपेठ तालुक्यातल्या गावाहून शिकायला परभणीत आमच्याकडे असते. यंदा नववीत आहे. अभ्यासाच्या पुस्तकांखाली नेहमी एक जाडजूड पुस्तक दडलेले असते. काही मैत्रिणीचे, काही पार्सलने मागवलेले. बहुतेक इंग्रजी, आणि बहुतेकांच्या मुखपृष्ठावर काळोख, चंद्र नाहीतर एखादी फिकट चेहऱ्याची मुलगी. घरातल्या लेकराच्या हातात काय आहे ते मोठ्यांनी निदान एकदा वाचून पाहावे, असे मला वाटते. तपासणी म्हणून नाही, गप्पांना विषय असावा म्हणून. "मामा, तुम्ही नका वाचू, तुम्हाला हसू येईल," असे तिने बजावले होते. हसू आले, नाही असे नाही. पण सगळ्यांनाच नाही.

हसू आले ते मुख्यतः स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या 'ट्वायलाइट'ला. २००५ ते २००८ या काळात आलेल्या या चार जाड पुस्तकांनी जगभरच्या मुलींना वेड लावले. नायिका बेला सतरा वर्षांची. नायक एडवर्ड दिसायला सतराचा, पण १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारे पिशाच्च, झालेला. तेव्हा वय शंभरीच्या घरात. हे गृहस्थ शाळेत जीवशास्त्राच्या तासाला बाकावर बसतात! या कुटुंबाने राहायला फोर्क्स हे सदा पावसाळी गाव निवडले, कारण उन्हात त्यांची कातडी हिऱ्यासारखी चमकते आणि बिंग फुटते. आमच्या परभणीच्या मे महिन्यात त्या बिचाऱ्यांना कडी काढून दारात येणेही अवघड झाले असते.

विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मला खटकली, ती भाचीपाशी बोललोही. हा एडवर्ड रात्री मुलीला न विचारता तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. लेखिकेला हे उत्कट प्रेम वाटते. आमच्या गल्लीत असे कुणी केले तर त्याला उत्कट म्हणत नाहीत. भाची म्हणाली, "पण मामा, तो तिला चावत नाही ना, स्वतःला आवरतो." म्हणजे पुरुषाने आपले भक्ष्य खाल्ले नाही हाच त्याचा मोठेपणा! या पुस्तकांतले पिशाच्च मला मुळीच भयंकर वाटले नाही, भयंकर वाटली ती ही अपेक्षा. तरी लेखिकेला एक श्रेय दिलेच पाहिजे. पहिल्या प्रेमातले वाट पाहणे, वर्गात कुणाची तरी जागा रिकामी दिसल्यावर सबंध दिवस फुकट जाणे, हे तिला नेमके ठाऊक आहे. मुली वाचतात त्या यासाठी.

मग मला प्रश्न पडला की हिला एवढी भुतेच का लागतात? उत्तर माझ्या लक्षात यायला हवे होते असे बायको म्हणते. दोन वर्षांपूर्वी माझी आई, म्हणजे हिची आजी, आमच्या घरातच वारली. रात्रीची वेळ होती आणि भाची जवळ बसलेली होती. मोठ्यांची धावपळ, पाहुणे, तेरा दिवसांचे विधी यांत त्या मुलीला कुणी काही विचारले नाही. आपल्याकडे लहान मुलांना अशा वेळी शेजारी पाठवतात आणि मोठ्यांना कामाला लावतात. तेरा-चौदा वर्षांच्या लेकराचे काय करायचे हे कुठल्याच शास्त्रात लिहिलेले नाही.

हे तिने स्वतःहून कधी सांगितले नाही. 'हॅरी पॉटर'च्या पाचव्या पुस्तकावर बोलताना ते निघाले. या मालिकेविषयी नव्याने काय सांगावे? १९९७ साली पहिले पुस्तक आले, आणि मराठीतही ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने उतरले. इंग्रजी नावातला तो किमयागारांचा दगड आपल्या 'परीस' या तीन अक्षरांत इतका चपखल बसला की मूळ नावच भाषांतर वाटावे. पण मी सांगत होतो ते पाचव्या पुस्तकातल्या थेस्ट्रल नावाच्या घोड्यांविषयी. हाडांचे सापळे असावेत तसे हे पंखवाले घोडे शाळेच्या गाड्या ओढतात, पण ते सगळ्यांना दिसत नाहीत. ज्याने कुणाचा मृत्यू प्रत्यक्ष पाहिला आहे त्यालाच दिसतात. इतर मुलांना वाटते, गाड्या आपोआप चालतात. भाची एवढेच म्हणाली, "मला दिसले असते." आणि पान उलटले.

भुताची गोष्ट मुलांना का हवी, यावर मी पुढे जे काही वाचले त्यात याहून मोठे उत्तर मला मिळाले नाही.

नील गायमन या लेखकाची 'द ग्रेव्हयार्ड बुक' (२००८) याच जातीची. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये लांडगे मोगलीला वाढवतात, तसे इथे एका अनाथ पोराला कबरस्तानातली भुते वाढवतात. त्याचे नावच 'नोबडी', म्हणजे कुणीच नाही. निरनिराळ्या शतकांतले मेलेले लोक त्याला अक्षरओळख करून देतात, शिस्त लावतात, रागावतात. आपल्याकडे दिवेलागणीनंतर स्मशानाच्या वाटेने जायचे नाही, हा पहिला धडा. इथे पोर जिवंत माणसांपासून लपायला स्मशानात राहते. मला ही कादंबरी फार आवडली, पण मधली काही प्रकरणे सुटी गोष्ट म्हणून लिहिल्यासारखी वाटतात आणि खलनायकांची मंडळी जरा नाटकी आहे. शेवट मात्र विलक्षण. मुलगा मोठा होतो तशी त्याला भुते दिसेनाशी होत जातात. बालपण संपणे म्हणजे काय, हे इतक्या साध्या युक्तीने सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पण या सगळ्यांत मी हातात धरून बसलो ते पॅट्रिक नेसचे 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११). कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ मध्ये कर्करोगाने गेली आणि तिच्या टिपणांवरून नेसने पुस्तक पुरे केले. कॉनर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा. आई कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. रात्री बाराला सात मिनिटे होऊन गेली की घरामागचे 'यू' जातीचे प्रचंड झाड चालत खिडकीशी येते. ते म्हणते, मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तू मला सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. ती चौथी गोष्ट काय ते मी इथे फोडत नाही. इतकेच सांगतो की घरात दीर्घ आजारपण पाहिलेल्या प्रत्येकाच्या मनात ती असते आणि कुणीही ती उच्चारत नाही. याच जातीच्या झाडापासून कर्करोगावरचे एक औषध मिळते, हेही कथेत येते. पण झाड आईला वाचवायला आलेले नसते, मुलाला वाचवायला आलेले असते. पुस्तक दीड-दोनशे पानांचे. मी ते एका बैठकीत वाचले आणि नंतर बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो.

झाडातला आत्मा म्हटले की आपल्याला पिंपळ आठवतो आणि पिंपळावरचा मुंजा. आणि परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मुंजा म्हटले की मानवत आठवते, याला इलाज नाही. १९७२ ते १९७४, म्हणजे दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या त्या दिवसांत, मानवत परिसरात एकामागून एक मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचे रक्त द्यायचे, अशी भयंकर समजूत यामागे असल्याचे तपासात पुढे आले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे नामवंत पोलीस अधिकारी तपासाला आले होते. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिकाही आली. आमच्या लहानपणी संध्याकाळी मुलींना एकटे बाहेर सोडत नसत आणि कारण कुणी सांगत नसे.

तेव्हा कुणी मला विचारले, की अहो, ज्या जिल्ह्यात हे घडले तिथे पोरांच्या हाती भुतांच्या कादंबऱ्या कसल्या देता, तर तो प्रश्न मी झटकून टाकणार नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगीच नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. पण मला वाटते, मानवतला जे झाले ते गोष्ट वाचून झालेले नाही. गोष्ट ही गोष्ट असते हे न कळल्याने झाले. मांत्रिक जे सांगतो ती आज्ञा असते, तिच्यात शंकेला जागा नसते. कादंबरी वाचणारे पोर पानापानाला शंका काढते. 'मग तो आरशात का दिसत नाही?', 'मग दिवसा कुठे जातो?' आमची भाची व्हॅम्पायरांच्या नियमांतल्या चुका काढते, तेव्हा मला तिच्याविषयी काळजी वाटत नाही.

आणि मुंजा म्हणजे तरी कोण? मुंज झालेला आणि लग्नाआधी, सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. म्हणजे आठ ते सोळा-सतरा वर्षांचा पोरगा! हडळ, जखीण, खवीस, वेताळ या आपल्या सगळ्या गोतावळ्यात नेमका शाळकरी वयाचा असा हा एकच. मी हे भाचीला सांगितले तर तिने विचारले, "मग त्याची आई कुठाय?" माझ्या आईने आम्हाला मुंजाच्या डझनभर गोष्टी सांगितल्या. त्यांत तो पारावरून खडे मारायचा, वाट चुकवायचा, गोदाकाठाने गंगाखेडहून परतणाऱ्याच्या मागे लागायचा. पण आई एकाही मुंजाला नव्हती. २०२४ च्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटाने या पोराला देशभर नेले, तेही घाबरवायला आणि हसवायला. पारावर एकट्याने बसलेल्या, वाढायचे राहून गेलेल्या त्या मुलाची त्याच्या बाजूने सांगितलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. गायमनच्या हाती हा मुंजा लागता तर!

आपल्याकडे लिहिणारे नव्हते असे मुळीच नाही. नारायण धारप (१९२५-२००८) यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आणि 'शपथ' ही त्याच्याच 'इट'वर. उसनवारी आहे, ती मान्य करावी. पण परक्या गावातली ती अभद्र शक्ती धारपांनी आपल्या वाड्यांत, आपल्या माजघरांत अशी आणून बसवली की तिला मराठी व्याकरणही बिनचूक येते. 'शपथ'मध्ये तर मुलेच एकत्र येऊन त्या शक्तीशी झुंजतात, म्हणजे खरे पाहता ती मुलांचीही गोष्ट. रत्नाकर मतकरींची वाट वेगळी. बालनाट्यात राक्षसाला हास्यास्पद करणारा हाच माणूस 'खेकडा'सारख्या गूढकथेत मोठ्यांना झोपू देत नाही. त्यांचे भूत बहुधा माणसाच्या मनातच असते, आणि म्हणून ते मला धारपांच्या भुतांपेक्षा जास्त चिवट वाटते. पण हे दोघेही लिहीत होते मोठ्यांसाठी. आम्ही ते चोरून वाचले.

मुलांसाठी होता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आणि त्याच्यासारखा सवंगडी नाही. पण फुरसुंगीच्या या बनेशला चोर पकडायचे असतात, त्याच्या घरात कुणी मरत नाही. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास'मधला लंपन (१९९४) आणि मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तला (२००४) नववीचा मुकुंद ही तर आपली रत्ने आहेत. मी 'शाळा' भाचीला दिली. तिने मन लावून वाचली, आवडली म्हणाली आणि पुढे एक वाक्य बोलली, ते मराठीतल्या लिहित्या मंडळींनी ऐकावे असे आहे : "छान आहे मामा, पण हे मोठ्या माणसानं आठवून लिहिलंय." आठवणीतला नववीचा वर्ग आणि आजचा नववीचा वर्ग यांत जे अंतर असते, ते तिला लगेच कळले. वाचनालयात बालविभाग असतो आणि मग एकदम कादंबरी विभाग. 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, ते मुले आठवीपर्यंत आवडीने वाचतात. त्यानंतर त्यांचे कपाट कोणते?

भाचीने आता धारप मागितले आहेत. 'शपथ' आणखी एक वर्षाने देईन असे म्हणालो आहे, ती तोवर थांबेल असे वाटत नाही. 'लुचाई'ची जुनी प्रत मिळाली, पण आधीच्या कुणा वाचकाने शेवटची पाने लांबवलेली आहेत. तिने ती तशीच वाचायला घेतली आहे, आणि शेवट काय असेल यावर जेवताना रोज वाद चालतो. बायकोचे मत असे की गावाने सरळ पोलिसात कळवायला हवे होते.