रुग्णपत्रकातील कोरा रकाना

नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती या अष्टविध परीक्षेचे रकाने आपल्या अनेक चिकित्सालयांतील रुग्णपत्रकांवर छापलेले असतात. काही भरले जातात, काही कोरे राहतात. कोरा रकाना म्हणजे केवळ अपुरी नोंद, असे सामान्यतः मानले जाते. आमच्या मते तो अधिक गंभीर दोष होय. कारण त्याचा अर्थ ठरविता येत नाही.

‘सध्या चालू असलेली अन्य औषधे’ हा रकाना उदाहरणादाखल घेऊ. तो कोरा असल्यास तीन शक्यता संभवतात : वैद्यांनी विचारलेच नाही, विचारले, परंतु कोणतेही औषध चालू नाही, अथवा रुग्णास औषधाचे नाव सांगता आले नाही. आता अशा रुग्णास आम्लपित्तासाठी यष्टिमधु दिले आहे असे समजू. अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास यष्टिमधूतील ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रुग्ण लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या घेत असल्यास ही घट अधिकच होते. डिगॉक्सिन चालू असल्यास त्याच्या विषबाधेचा धोका वाढतो. पुढील भेटीत दुसरे वैद्य कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतील आणि तेच औषध चालू ठेवतील.

यावर उपाय सोपा आहे. ‘नाही’, ‘विचारले नाही’, ‘रुग्णास माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांपैकी योग्य तो शब्द लिहावा. आडवी रेघ मारू नये; तीही तितकीच संदिग्ध असते. माहिती नसल्यास पुढील भेटीस गोळ्यांची पाकिटे आणावयास सांगावे व नोंद पूर्ण करावी.

औषधालय चालकांसाठी हाच प्रश्न बॅच क्रमांकाचा आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांचा राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. दुष्परिणामाच्या नोंदीस रुग्ण, लक्षण, संशयित औषध व माहिती देणारा या चार गोष्टी किमान आवश्यक मानल्या जातात. परंतु बिलावर बॅच क्रमांक नसेल, तर दोष मूळ द्रव्याचा, की त्या विशिष्ट बॅचमधील भेसळीचा, हे शोधणे दुष्कर होते. फळीवरील कोणत्या डब्या बाजूला काढाव्यात, हेही कळत नाही.

‘विचारले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा मुळीच नाही. त्या दोन शब्दांमुळे पुढचा वैद्य तो प्रश्न निश्चित विचारील.