दुर्बिणीमागची आलिया

आमच्या हिमायतनगरात आलिया नावाच्या मुली गल्लोगल्ली सापडतील. माझ्याच वर्गात दोन आहेत. १५९५ साली मोगलांनी वेढा घातला तेव्हा चाँदबीबीने अहमदनगरचा किल्ला कसा लढवला, हे मी शिकवत होते. त्यातली एक आलिया म्हणाली, "आपा, माझ्या नावाची कुणी नाही का लढली?"

लढली ना. आलिया मोल्दागुलोवा.

कझाकस्तानच्या आक्तोबे भागात १९२५ साली जन्मलेली. १९३०नंतरच्या भीषण दुष्काळात आई गेली. मामाने सांभाळले, त्याच्याबरोबर ती लेनिनग्राडला आली आणि पुढे तिथल्या अनाथालयात राहिली. १९४१मध्ये जर्मन फौजेने शहराला वेढा दिला. लाखो माणसे भुकेने आणि थंडीने मेली. आलिया वाचली, १९४२मध्ये तिला बाहेर हलवले गेले. मग ती मॉस्कोजवळ मुलींसाठी काढलेल्या स्नायपरच्या शाळेत दाखल झाली. हजाराहून अधिक मुली तिथून नेमबाज होऊन आघाडीवर गेल्या.

स्नायपर म्हणजे लपून दूरचा नेम साधणारा. ऐकायला शौर्याचे वाटते, पण काम बहुतेक वाट पाहण्याचे. उजाडण्याआधी जोडीने जागा धरायची. पांढरा पोशाख घालून बर्फात तासन्‌तास पडून राहायचे. हलायचे नाही, खोकायचे नाही. श्वासाची वाफसुद्धा दगा देते. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून समोरच्याचा चेहरा जवळ दिसतो, आणि त्याच्यावरच गोळी झाडायची. मग लगेच जागा बदलायची, नाहीतर पलीकडचा नेमबाज आपल्याला टिपणार. अठराव्या वर्षी आपल्या मुली बारावीच्या परीक्षेला बसतात.

१४ जानेवारी १९४४ रोजी नोवोसोकोल्निकीजवळच्या रेल्वेमार्गासाठी लढाई पेटली. लपणे सोडून आलिया हल्ल्यात सैनिकांच्या पुढे धावली. समोरासमोरच्या झटापटीत जखमी झाली आणि गेली. जूनमध्ये तिला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. अल्माटी शहरात तिचा पुतळा आहे. शेजारी मशीनगन चालवणारी मनशुक मामेतोवा, तीही त्याच युद्धात गेलेली.

"किती मारले, आपा?" मुलींनी विचारलेच. आकडे वेगवेगळे सांगतात. मी एकही सांगितला नाही. दुर्बिणीतल्या त्या चेहऱ्यालाही आई असते, हे मला विसरता येत नाही.

माझी आलिया मात्र वेगळेच विचारत होती. "तिची आई असती, तर जाऊ दिलं असतं?"

"अडवलं असतं," मी म्हणाले. "पण तिने तो वेढा पाहिला होता, बेटा. बहुतेक ती तरीही गेली असती."