अपघातोत्तर स्मृतिलोप आणि कर्मचाऱ्याचे पुनर्स्थापन : बदली की मूळ पद?

प्रस्तावना

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, तर ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. जखमींमध्ये कमावत्या वयाच्या स्त्रीपुरुषांचा भरणा मोठा असतो आणि उपचारानंतर त्यांपैकी बहुतेकांना आपापल्या नोकरीवर परतावयाचे असते. पाय मोडलेला कर्मचारी कुबडी घेऊन कार्यालयात येतो. त्याची अडचण सर्वांना दिसते व खुर्ची पुढे केली जाते. डोक्यास मार लागलेला कर्मचारी मात्र पूर्वीसारखाच दिसतो, पूर्वीसारखाच बोलतो. त्याच्या प्रमाणपत्रावर 'कामावर रुजू होण्यास पात्र' असा शेरा असतो. त्याच्या स्मृतीचे काय झाले आहे, हे त्या शेऱ्यात क्वचितच लिहिलेले असते.

अशा कर्मचाऱ्यास आधार देण्याच्या हेतूने आपली कार्यालये सहसा जो उपाय प्रथम योजतात, म्हणजे 'हलके काम' म्हणून दुसऱ्या टेबलावर बदली, तो उपाय स्मृतिलोपाच्या बाबतीत बहुधा चुकीचा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. यासाठी स्मृतिलोपाचे स्वरूप आणि सेवाविषयक कायदा या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका अनुदानित महाविद्यालयातील वरिष्ठ लिपिक अठरा वर्षे परीक्षा विभागाचे टेबल सांभाळीत आहेत. दुचाकीच्या अपघातात त्यांच्या डोक्यास गंभीर इजा होते आणि पाच महिन्यांनी ते कामावर येतात. परीक्षा अर्जांचे नियम, शुल्काचे प्रकार, कोणती नस्ती कोणत्या कपाटात, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. मात्र सकाळी प्राचार्यांनी सांगितलेले काम दुपारी त्यांच्या ध्यानात नसते. एकाच विद्यार्थ्यास ते दोनदा बोलावतात. "अहो भाऊसाहेब, आत्ताच तर सांगितलं तुम्हाला!" हे वाक्य त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. अखेर प्राचार्य सहानुभूतीने त्यांना आवक-जावक विभागात पाठवितात. काम सोपे, तरीही तेथे ते अधिकच गोंधळतात आणि 'आता यांच्याकडून काहीच होणार नाही' असा समज पक्का होतो.

स्मृतिलोपाचे स्वरूप

स्मृती हे एकच कोठार असून अपघाताने त्याचा काही भाग रिकामा होतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. चित्रपटांनी ती अधिकच दृढ केली. नायक स्वतःचे नाव विसरतो आणि डोक्यावर दुसरा आघात होताच त्याला सारे आठवते! प्रत्यक्षात घडते ते बव्हंशी याच्या उलट. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच असे मांडले होते की, मेंदूच्या विकारात अलीकडच्या आठवणी आधी जातात व जुन्या आठवणी टिकून राहतात. अपघातापूर्वीचा काही काळ पुसला जातो, त्यास पश्चगामी स्मृतिलोप म्हणतात. नोकरीच्या दृष्टीने अधिक त्रासदायक असतो तो अग्रगामी स्मृतिलोप, म्हणजे अपघातानंतर घडणाऱ्या गोष्टींची नवी नोंद मनात न होणे अथवा अपुरी होणे.

या भेदाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अपघातातून नव्हे, तर शस्त्रक्रियेतून मिळाला. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्यानंतर नवी घटना लक्षात ठेवणे त्याला जवळजवळ अशक्य झाले. परंतु मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. आदल्या दिवशी आपण हे काम केले होते, याची त्याला आठवण नव्हती. अनुभव विसरला गेला, कौशल्य मात्र वाढत राहिले. कृतीची सवय जपणारी स्मृती आणि प्रसंगांची स्मृती वेगवेगळ्या मार्गांनी चालतात, हे यावरून स्पष्ट झाले. मोलेसनचे निधन २००८ मध्ये झाले. तोपर्यंत तो अभ्यासकांना सहकार्य करीत राहिला.

अपघाती इजेत हानी इतकी नेमकी नसते. लक्ष, विचाराचा वेग आणि नियोजनशक्ती यांनाही धक्का बसतो. कर्मचारी लवकर थकतो व थकल्यावर अधिक विसरतो. तरीही मूळ सूत्र लागू पडते : जुने पक्के ज्ञान बरेचसे शाबूत, नवे ग्रहण दुर्बल. इजा किती गंभीर होती याचा स्थूल अंदाज एका साध्या प्रश्नाने येऊ शकतो. अपघातानंतरची सलग आठवण कोणत्या दिवसापासूनची आहे? ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ रिची रसेल यांनी या कालावधीस महत्त्व दिले. एक तासापेक्षा कमी असल्यास इजा सौम्य, एका दिवसापर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र मानण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. अर्थात हा केवळ अंदाज होय. नेमके काय शाबूत आहे हे समजण्यासाठी मज्जामानसशास्त्रीय चाचणी आवश्यक असते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने भारतीय व्यक्तींसाठी अशी चाचणीमाला तयार केलेली आहे. रुजू करून घेताना कार्यालयाने केवळ 'पात्र' या शब्दावर न थांबता अशा चाचणीचा अहवाल पाहणे इष्ट ठरेल.

आता वरील लिपिकाकडे पुन्हा पाहू. परीक्षा विभागात त्यांचे अठरा वर्षांचे ज्ञान त्यांना सावरून धरीत होते. उणीव होती ती फक्त त्या दिवसाच्या नोंदींची. आवक-जावक विभागात गेल्यावर त्यांना नोंदवहीचे रकाने, कपाटांच्या जागा, कागद कोणाकडे पाठवावयाचा याचे संकेत, सारेच नव्याने शिकावे लागले. जी शक्ती सर्वांत क्षीण झाली होती, तिच्यावरच सारा भार टाकला गेला. काम हलके झाले, परंतु त्यांच्यासाठी ते जड होते.

कायद्याची चौकट

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कोणत्याही शासकीय आस्थापनेस सेवेतून काढता येत नाही अथवा पदावनत करता येत नाही. तो आपल्या पदास अयोग्य ठरल्यास त्याच वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याला नेता येते. तसे पद नसल्यास योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवता येते. 'शासकीय आस्थापना' या संज्ञेत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. म्हणजे आपली अनुदानित महाविद्यालये त्यातून सुटत नाहीत. याची जाणीव अनेक व्यवस्थापनांना नसते, हे जाता जाता नमूद करणे भाग आहे.

हीच तरतूद १९९५ च्या जुन्या अधिनियमात कलम ४७ म्हणून होती. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका सुरक्षा दलातील जवानास तिचा लाभ दिला. त्या प्रकरणातील तर्क सरळ आहे. पाय गेलेल्या माणसास पहाऱ्यावरून कार्यालयात आणणे हा खरा दिलासा. दुसरे पद देण्याची कल्पना अशा शारीरिक हानीस चपखल बसते. स्मृतिलोपास तिचे यांत्रिक अनुकरण केले की तर्क उलटा पडतो. शिवाय कायद्याचा क्रमही तसा नाही. कलम २० (२) शासकीय आस्थापनेवर वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन घालते. बदली हे परंतुक आहे, तेही मूळ पदास अयोग्यता ठरल्यानंतरचे. मूळ पदावर योग्य त्या सोयी देऊन पाहिल्याशिवाय अयोग्यता ठरविणे कायद्याच्या हेतूशी सुसंगत वाटत नाही.

अडचण आणखी एक आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत एकवीस दिव्यांगत्वे नमूद आहेत. त्यांत डोक्याच्या इजेचा स्वतंत्र रकाना नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा उल्लेख आहे खरा, परंतु 'मानसिक आजार' ही चिठ्ठी लावून घेण्यास कुटुंबे कचरतात आणि प्रमाणपत्राविना दिवस जातात. खाजगी आस्थापनांना कलम २१ अन्वये समान संधी धोरण जाहीर करावे लागते. परंतु कलम २० (४) चे संरक्षण त्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळत नाही.

मूळ पदावर आधार कसा द्यावा

स्मृती डोक्यात राहत नसेल तर ती टेबलावर ठेवावी लागते. कागदाच्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा एकच जाड वही, तीही नेहमी एकाच जागी असावी. तीत आजची कामे, कोणी काय सांगितले, काय पूर्ण झाले, एवढेच असावे. सोलबर्ग व मटीर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखविले की, वही नुसती हाती देऊन भागत नाही. तिच्यात काय आहे हे ओळखणे, ती प्रसंगी वापरणे आणि नव्या परिस्थितीत वापरणे, हे टप्प्याटप्प्याने शिकवावे लागते. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन व सहकाऱ्यांनी ठरलेल्या वेळी सूचना देणाऱ्या पेजरचा प्रयोग केला व २००१ मध्ये त्याचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज तेच काम खिशातील मोबाइलचा गजर करतो. वरिष्ठांनी मात्र एक शिस्त पाळावयास हवी : तोंडी आदेश बंद. 'जाता जाता सांगितले' हा आपल्या कार्यालयांचा आवडता प्रकार अशा कर्मचाऱ्यासाठी सापळा ठरतो.

नवे शिकवावेच लागले, उदाहरणार्थ विद्यापीठाची नवी ऑनलाइन प्रणाली, तर 'करून बघा, चुकलात तर सांगतो' ही पद्धत टाळावी. निरोगी माणूस चुकीतून शिकतो, कारण त्याला आपली चूक आठवते. स्मृतिलोप झालेल्या व्यक्तीस प्रसंग आठवत नाही. हात मात्र चुकीची कृतीच गिरवितो. बॅडली व विल्सन यांनी १९९४ मध्ये तुलना करून दाखविले की, अशा व्यक्ती चुकू न देता शिकविल्यास अधिक चांगल्या शिकतात. कॅनडात ग्लिस्की व शॅक्टर यांनी १९८७ मध्ये मेंदूज्वरानंतर तीव्र स्मृतिलोप झालेल्या एका स्त्रीस संगणकावर माहिती भरण्याचे काम, संकेत हळूहळू कमी करीत, शिकविले. ते काम ती प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी करू लागली. मात्र असे शिकलेले ज्ञान फार ताठर असते. पडद्यावरील रकान्यांचा क्रम बदलला की ते कोलमडू शकते. म्हणून प्रशिक्षण प्रत्यक्ष नमुन्यावर, प्रत्यक्ष टेबलावरच द्यावे.

रोख रकमेचा प्रश्न नाजूक आहे. येथे पद न बदलता कामाचा एक तुकडा काढून घेता येतो : शुल्क दुसऱ्याने घ्यावे, अर्जाची तपासणी यांनी करावी. प्रारंभीचे काही आठवडे अर्धवेळ उपस्थिती ठेवल्यास थकव्यावरही उपाय होतो. सहकाऱ्यांना काय सांगावयाचे हे मात्र त्या कर्मचाऱ्याच्या संमतीनेच ठरावे.

सर्वांत गंभीर प्रसंग उद्भवतो तो खोटेपणाच्या आरोपाचा. मेंदूस इजा झालेली व्यक्ती कधी कधी रिकामी जागा कल्पित तपशिलाने भरून काढते. त्यात फसविण्याचा हेतू नसतो. 'नस्ती मी काल सरांना दिली' असे ती प्रामाणिकपणे सांगते, प्रत्यक्षात नस्ती तिच्याच खणात असते. अशा वेळी कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी वैद्यकीय मत घेणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवरील शिस्तभंगाची कार्यवाही हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरू शकतो असे म्हटले. आरोपित वर्तनामागे दिव्यांगत्व हे एक कारण असले तरी संरक्षण मिळते, हा त्यातील मुद्दा स्मृतिलोपाच्या प्रकरणांतही मार्गदर्शक ठरावा.

मूळ पद ठेवणे अशक्य अशी कामे असतातच. बसचालक, यारी चालविणारा कामगार, वॉर्डात औषधांच्या मात्रा देणारी परिचारिका यांच्या बाबतीत इतरांच्या जीविताचा प्रश्न येतो व बदली अटळ होते. तेव्हा निदान इमारत, वेळ आणि भोवतालची माणसे तीच ठेवावीत. चालकास त्याच आगारात गाड्यांच्या नोंदींचे काम देता येईल, कारण मार्ग, वाहने व सहकारी त्याच्या जुन्या स्मृतीत आहेत. आणि बदली एकदाच करावी. तीन महिने या टेबलावर, तीन महिने त्या टेबलावर असे फिरविल्यास प्रत्येक वेळी त्याची शिकवणी पहिल्या दिवसापासून सुरू होते.