बालवाडी कोणासाठी?

बालशिक्षण ही सुखवस्तू घरांची हौस आहे, असा समज आपल्याकडे फार दिवस रुजून बसला आहे. मुळात गोष्ट उलटी आहे. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरात काढले, ते सान लोरेंझो या मजूरवस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट राहणाऱ्या पोरांसाठी. पुढे त्या पद्धतीची घोटीव लाकडी साधने महाग झाली आणि गरिबांसाठी जन्मलेली शाळा श्रीमंतांच्या दारी जाऊन बसली.

ती परत गरिबाच्या अंगणात आणण्याचे काम महाराष्ट्रात झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. तेथील अनुभव बोलका आहे. बालवाडी सर्वांना खुली, शिकविणाऱ्या मायाळू. तरी गरीब वस्तीतली मुले येईनात. कारण उघड होते. आई मजुरीला, थोरले भावंड धाकट्याला सांभाळण्यात गुंतलेले. न्हाऊमाखू घालून मुलाला वेळेवर पोचविणार कोण? फुकट शाळादेखील गरिबाला फुकट पडत नाही, ती अशी. तिला आईचा वेळ द्यावा लागतो, आणि मजूर आईजवळ नेमकी तीच चीज नसते.

तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. अंगणात भरे ती अंगणवाडी. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. साधने म्हणाल तर बिया, शंखशिंपले, खडे, पाने. मोजणे, जुळविणे, रंग ओळखणे त्यांवर उत्तम साधते. आम्हांस तर विकतच्या संचापेक्षा ती सरस वाटतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडीचेच. आहार आला, लसटोचणी आली. हे काम थोडे नव्हे. पण शिक्षण मागे रेंगाळले. एकच सेविका वजने घेते, वह्या भरते, घरोघर फिरते आणि उरल्या वेळात शिकविते. तिला मिळते ते अजून 'मानधन'. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाही सहाव्या वर्षापासूनच हक्क देतो. त्याआधीची वर्षे बव्हंशी बापाच्या खिशावर सोपविलेली आहेत.

आपल्या खेड तालुक्यात याला भूगोलाची जोड मिळते. गाव एक, वाड्या अनेक. मध्ये चढ, उतार आणि पऱ्ये. शहरात फी भरणाऱ्याच्या मुलासाठी बालवर्गाची गाडी दारात येते. डोंगरावरच्या धनगरवाड्यातले चार वर्षांचे मूल आषाढात एकटे पऱ्या ओलांडू शकत नाही, आणि त्याची आई तर लावणीच्या चिखलात उभी असते. कागदावरचे एक मैल त्याला मुंबईइतके दूर. अंगणवाडीची जागा ठरविताना अंतर मोजावयाचे ते या पावलांनी.

आणि डोंगरापर्यंत तरी कशाला जा! आपल्यापैकी ज्यांच्या घरी सकाळी धुण्याभांड्यांना बाई येते, त्यांनी तिचे लहान मूल त्या वेळी कोठे असते, एवढे उद्या तिला विचारावे.